जाड व तिरपे अक्षर

हल्ली संगणकाच्या योगे मुद्रणकला घरोघर आली आहे. शाळेचा सूचनाफलक असो, लग्नपत्रिका असो वा शिरूर-दौंडच्या बाजारातील वाढदिवसाचा फ्लेक्स असो, सगळा मजकूर जाड, तिरप्या व एकसारख्या रेघेच्या अक्षरांत छापण्याची हौस सर्वत्र दिसते. ही हौस आवरली पाहिजे, असे आमचे मत आहे.

या अक्षराचे गुण आम्ही नाकारीत नाही. टोकांना शेपट्या नसलेला रोमन टाईप लंडनच्या विल्यम कॅसलन यांच्या ओतशाळेने १८१६ च्या सुमारास प्रथम दाखविला. असे अक्षर दुरून चटकन डोळ्यांत भरते. जाडीमुळे त्यास आवाज येतो, कलण्यामुळे वेग. कबड्डीच्या संघाचा गणवेश, मालमोटारीवरील नाव, शर्यतीची जाहिरात यांस ते शोभते. परंतु निव्वळ तिरप्या अक्षराचा स्वभाव सौम्य आहे. इंग्रजी बायबलाच्या जुन्या भाषांतरात, मुळात नसलेले पण अर्थपूर्तीसाठी घातलेले शब्द तिरपे छापण्याची चाल आहे. ती भाषांतरकारांची नम्र कबुलीच होय. तेच अक्षर जाड केले की नम्रता जाऊन घाई तेवढी उरते.

देवनागरीस तर हा वेष अधिकच जड जातो. शिरोरेषा आडवीच राहते, काना मात्र कलतो, आणि जाड रेघ अक्षरांतील पोकळी बुजविते. ‘भ’ची शिरोरेषा तुटलेली असते, तो खंड बुजला की दौंडची भीमा ‘मीमा’ होते. ‘ध’चे तसेच झाले की धान्याचे ‘घान्य’ होते. ‘दौंड’वरील दोन मात्रा व अनुस्वार एकमेकांत मिसळतात, ‘शिरूर’मधील ऊकार ऱ्हस्व की दीर्घ, हे कळेनासे होते. सराईत वाचक अंदाजाने पुढे जातो. पहिलीतील मूल, नवसाक्षर शेतकरी, मंददृष्टीची आजी मात्र तेथेच अडतात. दोष अक्षराचा असतो. लाजतो मात्र वाचणारा!

पूर्वजांनी याची वाटणी केली होती. दप्तरासाठी धावती मोडी, पोथीसाठी सुटी बाळबोध. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तयार झालेले जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्याची कीर्ती सुबक व स्पष्ट टाईपावरच उभी राहिली.

हबक्कूक संदेष्ट्यास दृष्टान्त पाट्यांवर इतका स्पष्ट लिहावयास सांगितले होते की, वाचणाऱ्यास धावता यावे. तेथे धावतो तो वाचक. अक्षर आपल्या जागी स्थिर असते. दौंड जंक्शनावरील पिवळ्या पाटीवर नाव काळ्या, ठळक, पण ताठ अक्षरांत आहे, म्हणून धावत्या गाडीतूनही ते वाचता येते.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, जाड व तिरपे अक्षर एखाद्या शब्दापुरते, फार तर एका मथळ्यापुरते राखून ठेवा. आणि फलक टांगण्यापूर्वी तो वर्गातील सर्वांत सावकाश वाचणाऱ्या सोबत्याकडून एकदा वाचवून घ्या.