पायाबरोबर पाठही बघा

"डॉक्टर, पोरीच्या पाठीला जरा बाक आलाय, पर ते ऱ्हाऊ दे. आदी पायाचं बघा." बिद्रीच्या माझ्या दवाखान्यात एक आजी असे म्हणाल्या, त्याला बरीच वर्षे झाली. नातीच्या मांडीचे हाड तिसऱ्यांदा मोडले होते. मीही पायाचेच बघितले, पुढच्या उपचारासाठी कोल्हापूरला पाठवले आणि पाठ राहून गेली. ती चूक माझी. म्हणूनच आजचा हा विषय.

अशा मुलांना ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार असतो. त्याचे वैद्यकीय नाव 'ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा'. साधारण 15 ते 20 हजार जन्मांत एका बाळाला तो होतो. हाडात कॅल्शियम असते, तसेच कोलाजेन नावाचे प्रथिनही असते. या आजारात ते प्रथिनच सदोष किंवा अपुरे बनते. स्लॅबमध्ये सिमेंट भरपूर, पण सळई कच्ची, तशी ही गत. म्हणून नुसते दूध व कॅल्शियमच्या गोळ्या देऊन तो बरा होत नाही. किरकोळ धक्क्यानेही हाड मोडणे, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसणे, दात लवकर झिजणे, पुढे कमी ऐकू येणे ही त्याची लक्षणे. प्रत्येकात सगळीच दिसतात असे नाही.

आता पाठीचे पाहू. ठिसूळ मणके शरीराच्या भाराने चेपतात, त्यांना बांधणारे बंधही सैल असतात. मग कणा बाजूला वाकतो किंवा पोक येते. ते दुखतेच असे नाही, म्हणून लक्ष जात नाही. आजार तीव्र असेल तर वाढीच्या वयात बाक झपाट्याने वाढतो. छातीचा पिंजरा आवळला जातो आणि फुप्फुसांना फुलायला जागा उरत नाही. तीव्र आजारात अनेकांचा जीव शेवटी श्वसनाच्या विकारानेच जातो.

"पट्टा बांधू का?" असे पालक विचारतात. इतर मुलांत पट्ट्याचा उपयोग होतो. येथे मात्र बरगड्याच मऊ असतात. पट्ट्याच्या दाबाने त्याच वाकतात. हाडवैद्याकडून पाठ ताणून घेणे तर धोक्याचेच.

मग उपाय काय? कॅनडातील माँट्रियलच्या डॉ. फ्रान्सिस ग्लोरियो व सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवून दिले, की पामिड्रोनेट हे औषध शिरेतून दिल्यास तीव्र आजाराच्या मुलांची हाडे घट्ट होतात व कमी मोडतात. पुढे असेही आढळले, की अशा मुलांना सहा वर्षांच्या आत ही औषधे सुरू केली, तर बाक वाढण्याचा वेग मंदावतो. आलेला बाक मात्र त्याने सरळ होत नाही. बाक फार वाढल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, आणि तो श्वास कमी पडण्याआधी व्हावा. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचा समावेश आहे. त्या धोरणाखाली मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे एक मान्यताप्राप्त केंद्र आहे.

आईने ग्रहण पाळले नाही म्हणून असे मूल झाले, हे बोलणे आता बंद व्हावे. दोष जनुकात असतो. कित्येकदा तो आईवडिलांत नसतो, बाळातच नव्याने उद्भवतो. आजाराचे काही प्रकार मात्र नात्यातल्या लग्नांमुळे वाढतात. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची रीत पाहता याचाही विचार हवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळांत येते. वारंवार हाड मोडणाऱ्या मुलाची पाठ उघडी करून त्याने बघावीच, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलींची तपासणी अर्थातच महिला डॉक्टरांनी करावी. घरीही दर महिन्याला मुलाला पाठमोरे बसवा. एक खांदा वर, एक बरगडी पुढे, कंबर तिरकी दिसली, तर थांबू नका. काही दिसले नाही तरी दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना पाठ दाखवा. कण्याचा एक्स-रे व श्वासाची तपासणी कधी करायची, हेही विचारा.

आज त्या आजी आल्या असत्या, तर मी म्हणालो असतो, "आजी, पाय बघतोच. पण पाठ दाखवल्याशिवाय जायचं नाही."