भिंत कोण पुसतं?

पंचवीस वर्षं मी रंगकामाचे ठेके घेतोय. ऑफिसं, बँका, शाळा, दवाखाने. प्रत्येक कामाच्या आधी एक मीटिंग होते, शेडकार्ड उलगडतं आणि आयव्हरी की ऑफ-व्हाइट यावर तासभर काथ्याकूट चालतो. फिनिशचा विषय निघतो तो खुर्च्या सरकवताना. "मॅटच करा, रिच दिसतं." संपलं. भिंत किती दिवस भिंतीसारखी दिसणार हे ज्यावर ठरतं, तो निर्णय दारात उभ्या उभ्या घेतला जातो. मला याची चीड येते आणि ती लपवायची माझी इच्छा नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलचं काम केलं. कॉरिडॉरला मी सेमी-ग्लॉस लिहून दिलं होतं. आर्किटेक्टने ते खोडून मॅट केलं, कारण त्याच्या कॉम्प्युटरवरच्या चित्रात भिंती मखमलीसारख्या दिसत होत्या. जनरल वॉर्डवर अकाउंट्सवाल्यांनी कात्री चालवली आणि इमल्शनच्या जागी डिस्टेंपर आला. आठ महिन्यांनी टच-अपसाठी गेलो, तर स्ट्रेचरच्या कठड्याच्या उंचीवर कॉरिडॉरभर एक काळपट रेघ उमटलेली. लिफ्टच्या बटणाभोवती तेलकट हातांचं वर्तुळ. वॉर्डात सफाईच्या मावशी पलंगामागची भिंत ओल्या फडक्याने पुसत होत्या. फडकं पिस्ता रंगाचं झालं होतं. डाग जागेवर आणि भिंत फडक्यावर. त्या म्हणाल्या, "साहेब, पुसावं तर रंग निघतो, नाही पुसावं तर सिस्टरची बोलणी खाते. मी करू तरी काय?"

त्या मीटिंगला मावशींना कोणी बोलावलं नव्हतं. मीही नाही.

यात गूढ काही नाही. रंगात पावडर असते आणि ती धरून ठेवणारा बाइंडर असतो. पावडर जास्त आणि बाइंडर कमी असला की पृष्ठभाग बारीक खरखरीत राहतो, उजेड त्यावर विखुरतो, म्हणून मॅट दिसतो. त्याच खरखरीत, सच्छिद्र थरात हाताचं तेल आणि धूळ मुरते. बाइंडर वाढला की थर बंद होतो, चकाकी येते आणि मळ वरच्या वर राहतो, पुसला की निघतो. धुता येणारे भारी मॅट आता मिळतात, मी ते वापरतोही. पण रोज एकाच जागी घासलं की तिथे चट्टा चकाकायला लागतो.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे कळत होतं. सरकारी शाळा, एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटल कुठेही बघा, खाली चार-पाच फूट ऑइलपेंटचा पट्टा आणि वर चुना किंवा डिस्टेंपर. खांदा, दप्तर, पाय, ओला फडका जिथवर पोचतो तिथवर टणक रंग, त्याच्या वर स्वस्तातला. यापेक्षा शहाणपणाची वाटणी मला माहीत नाही. आज त्या पट्ट्याला गावठी म्हणतात. ऑइलपेंट ओल्या भिंतीवर फुगतो, ताज्या सिमेंटचा क्षार त्याला खातो, हे खरं. म्हणून आता तिथे पाण्यातला सेमी-ग्लॉस लावा. पट्टाच काढून टाकायचं कारण काय?

आता माझ्या धंद्याचं पाप. ठेकेदाराला मॅट आवडतो, कारण मॅट त्याची चोरी झाकतो. पुट्टी नीट ओढली नाही, पॉलिशपेपर उरकून मारला, प्लास्टर २८ दिवस वाळू दिलं नाही, की बाजूच्या खिडकीच्या तिरप्या उजेडात सेमी-ग्लॉसवर एकूण एक लहर दिसते. मग साहेबांच्या कानात सांगायचं, "मॅट घ्या साहेब, क्लासी." फिनिश नाही, लपाछपी विकतात हे लोक.

सगळीकडे चकाकी मारा असं मी म्हणत नाही. छताला मॅटच हवा, नाहीतर ट्यूबलाइट डोळ्यांत येते. स्क्रीनसमोर बसायच्या खोलीतही तेच. शिवाय मॅटवरचा टच-अप मिसळून जातो, चकाकीवर तो थिगळासारखा दिसतो. म्हणून खोलीगणिक विचार हवा, आणि तेच कोणी करत नाही.

टेंडरमध्ये तर नुसतं लिहितात, "सॅटिन किंवा समकक्ष." कशाशी समकक्ष? एका कंपनीचा सॅटिन दुसरीच्या मॅटजवळ जातो. उत्तर अमेरिकेत मास्टर पेंटर्स इन्स्टिट्यूटने चकाकीचे सात टप्पे आकड्यांत बांधून दिलेत. ६० अंशांच्या कोनात मोजायचं, सॅटिन म्हणजे २० ते ३५, सेमी-ग्लॉस ३५ ते ७०. चकाकी मोजायचा मीटर भिंतीला टेकवला की वाद मिटतो. आपल्या टेंडरात असा आकडा टाकायला एक ओळ पुरते. ती ओळ नसते, म्हणून सगळ्यात कमी भाववाला काहीही आणून लावतो आणि बिल पास होतं.

गेल्या महिन्यात त्याच हॉस्पिटलने पुन्हा बोलावलं. दोन वर्षांत पूर्ण कॉरिडॉर नव्याने. टेबलावर शेडकार्ड होतंच. मी म्हटलं, आधी मावशींना बोलवा, नाहीतर दुसरा ठेकेदार बघा. थोडी कुरकुर झाली, पण बोलावलं. त्या आल्या, बसा म्हटलं तरी उभ्याच राहिल्या. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये नेऊन विचारलं, "मावशी, फडकं कुठवर जातं?" त्यांनी हात डोक्याच्या जरा वर टेकवला आणि म्हणाल्या, "इथवर. त्याच्या वर स्टूल लागतं." मी तिथे पेन्सिलीने रेघ मारली.