ऑपरेशन मोफत, गोळ्या विकत

जयसिंगपुरात कुणाच्या छातीत कळ आली की गाडी मिरज-सांगलीकडे नाहीतर कोल्हापूरच्या सीपीआरकडे निघते. घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, योजनेत बसतंय का? बऱ्याचदा बसते. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी ही योजना आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचा खर्च उचलते. पूर्वी ही मर्यादा दीड लाख होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटचे दरही बांधले. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरली. हमालाच्या, रिक्षावाल्याच्या घरात अँजिओप्लास्टी होऊ लागली ती यामुळे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण डिस्चार्जचा कागद हातात पडल्यानंतर जो खर्च सुरू होतो, तो कुणी मोजत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर, त्यानंतर एक आयुष्यभर. कोलेस्टेरॉलची वेगळी, रक्तदाबाची वेगळी. शिवाय तपासण्या आणि इको. योजनेत काही शस्त्रक्रियांनंतरच्या फेरतपासणीची सोय आहे, पण ती ठराविक मुदतीची. आजाराला मात्र मुदत नाही.

त्यात डॉक्टर सांगतात, वजन उचलू नका. तंबाखूची नाहीतर साखरेची पोती उचलून ज्याचे घर चालते, त्याने काय करायचे? खर्च वाढतो त्याच महिन्यात कमाई आटते. आधी बायकोचे डोरले गहाण पडते, मग बचत गटाचा हप्ता थकतो. कॉलेजात शिकवताना एखादी हुशार मुलगी दुसऱ्या वर्षाला दिसेनाशी होते, तेव्हा चौकशीअंती पुष्कळदा वडिलांचे आजारपणच निघते.

आणि घरात काटकसर कशाची होते? गोळीची. 'आता बरं वाटतंय' म्हणत रोजची गोळी एक दिवसाआड होते, मग बंद पडते. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका तिथूनच वाढतो. सरकारने लाखाचे ऑपरेशन केले आणि ते काही शे रुपयांपायी वाया गेले, असा हा उलटा हिशेब. गल्लीतल्या दुकानात महाग वाटणारी गोळी जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळते, पण चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असले की रुग्ण तिकडे वळतच नाही.

रमजानात हृदयरुग्ण रोजासाठी दुपारची गोळी परस्पर सोडतात, हीही नेहमीची गोष्ट. कुरआनने आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळा बदलू नयेत.

आता जकातीचे. अडीच टक्के काढून रेशनचे किट, कपडे, रोख रक्कम वाटली की आपण मोकळे होतो. कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यात कर्जात बुडालेलाही आहे. आजारपणाने कर्जबाजारी झालेले घर आपल्याच मोहल्ल्यात असते, पण ते हात पसरत नाही. हनफी फिकहनुसार जकात आगाऊ देता येते, आणि घेणाऱ्याला वस्तूचा मालक करणे ही तिची अट आहे. म्हणजे पुढच्या वर्षाच्या जकातीतून दर महिन्याला गोळ्या घेऊन गरजू रुग्णाच्या हाती दिल्या तरी ती अदा होते. एका मशिदीच्या जमातीने दहा घरे वाटून घेतली तरी पुष्कळ झाले. शेजारचा रुग्ण मुसलमान नसेल तर त्याच्यासाठी नफली सदका आहेच. त्याला धर्माची अट नाही.