माडाखाली प्लॅस्टिकची झापे

गेल्या दिवाळीत आमच्या मालवणच्या घरी फराळापेक्षा छपराचीच चर्चा अधिक झाली. पुतण्याने मागील दारी, माडांच्या बागेत, पर्यटकांना बसण्यासाठी एक मांडव घालावयाचे ठरविले होते. दहा फूट रुंद, वीस फूट लांब. एका टोकाला लाकडी फळी, तिच्यामागे सोलकढी, कोकम सरबत आणि शहाळी. आणि या सर्वाला नाव 'टिकी बार'! नावाला माझी हरकत नव्हती. सोलकढीला बारमध्ये बसविल्याने ती काही नासत नाही. पण छपरासाठी त्याने जो नमुना आणून माझ्यापुढे ठेवला, तो पाहून हातातली चकली हातातच राहिली. तो प्लॅस्टिकच्या पात्यांचा एक झुबका होता. रंग वाळक्या चुडताचा, आकार वाळक्या चुडताचा, आणि सबंध मांडवाची किंमत अशी की तेवढ्यात गोठ्यात एक दुभती म्हैस यावी.

"अरे, वर बघ. माड आहेत ना आपले?" मी म्हणालो.

"काका, आता झापां कोणाक व्हयी?" त्याने ताडकन् उत्तर दिले. "आणि दर वर्षी बदलीत कोण बसतलो?"

हा वाद आमच्या घरापुरता असता तर तो मी दिवाळी अंकात आणला नसता. पण १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून तारकर्ली-देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत परसापरसात पाहुण्यांसाठी सावली उभी राहू लागली आहे, आणि तिच्यावर काय घालावे हा प्रश्न घरोघर पडतो आहे. त्याचे उत्तर आपण चुकीचे देत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटावरच्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. माडाचे सबंध पान म्हणजे चुडत. ते दांड्यावर मधोमध चिरावयाचे, पाण्यात भिजत घालावयाचे आणि मऊ झालेली पाती एकमेकांत विणावयाची, की झाले झाप. हीच झापे पावसाळ्यात पडवीला झड म्हणून बांधतात, हीच मांडवावर पडतात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या आणि दशावताराचे मृदंग घुमू लागले, की खाजे-लाडवांच्या दुकानांवर सावली धरीत आली ती झापेच.

आता ही 'टिकी' कोण? टिकी म्हणजे प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन लोकांची लाकडात किंवा दगडात कोरलेली मानवाकृती. त्या बेटांवरची घरे शाकारली जात ती केवड्याच्या कुळातील झाडांच्या पानांनी आणि माडाच्या चुडतांनी. १९३०च्या दशकात अमेरिकेत, हॉलिवूडमध्ये, एका हौशी गृहस्थाने तशा थाटाचे मद्यगृह काढले. ते चालले, त्याच्या नकला निघाल्या. त्या देशाच्या थंड गावांत माड कोठून येणार? मग कृत्रिम पात्यांचा व्यापार सुरू झाला. त्यांचेही मी समजू शकतो. ज्याच्या दारी माड नाही, त्याने माडाचे सोंग आणले तर आणले. पण ज्याच्या डोक्यावर खरे चुडत झुलते आहे, त्याने परदेशी नकलेची नक्कल पैसे मोजून आणावी, तीही खऱ्या माडाच्या बुंध्याला टेकून उभी करावी, हा कोणता शहाणपणा?

यावर कोणी म्हणेल, हा स्वदेशीचा जुना हट्ट आहे. मुळीच नाही. आपण ज्याला कोकणचे कौलारू घर म्हणून चित्रांत रंगवितो, त्यावरचे मंगळूरी कौलच मुळी पाहुणे. बाझेल मिशनच्या धर्मोपदेशकांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून ते कौल किनाऱ्याने वर आले. आपल्या नळीच्या कौलांना त्याने मागे सारले, आणि योग्य केले. ते मातीचे होते, खाचेत खाच बसत असल्याने मुसळधार पावसाला पुरे पडत होते, आणि एक फुटले तर एकच बदलता येत होते. तेव्हा वस्तू कोठून आली हा माझा प्रश्न नाही. माझे प्रश्न तीन आहेत. तिच्याखाली मे महिन्यात माणूस बसू शकतो काय? मोडली तर गावातल्या हातांना दुरुस्त करता येते काय? आणि तिचे आयुष्य संपले म्हणजे ती कोठे जाते?

या तीन प्रश्नांवर एकेकाची परीक्षा घेऊ. लोखंडी पत्रा स्वस्त आणि झटपट, हे कबूल. पण दुपारी तो तव्यासारखा तापतो, आणि खाऱ्या वाऱ्यात खिळ्याच्या भोकापासून गंजू लागतो. शिवाय १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले, त्या दिवशी उडणारा पत्रा काय करू शकतो हे आम्ही दाराच्या फटीतून पाहिले आहे. झाप उडाले तर माडाच्या मुळाशी पडते. पत्रा उडाला तर ज्याच्या अंगावर येईल त्याला देवच तारो. आणि गंमत अशी की पत्रा घातलेले शहाणे लोक उन्हाळ्यात त्याच्यावर काय पसरतात? चुडते! म्हणजे झापाला नाके मुरडावयाची आणि शेवटी त्याच्याच आडोशाला जावयाचे.

सिमेंटच्या पत्र्याविषयी तर चर्चाच नको. त्यातील ॲस्बेस्टॉसचे तंतू कापताना, फोडताना हवेत उडतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. ॲस्बेस्टॉसच्या सर्व जाती कर्करोगास कारण होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे, आणि पन्नासांहून अधिक देशांनी त्याच्यावर बंदी घातली आहे. जेथे पाहुणा जेवायला बसणार, तेथे ते डोक्यावर कशाला?

आता प्लॅस्टिकचे झाप. पहिल्या दोन वर्षांत ते देखणे दिसते, हे मी नाकारीत नाही. पण सूर्याच्या किरणांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि ज्या पात्यांची रुंदी बोटभर, त्यांचा चुरा व्हायला वेळ लागत नाही. विकणाऱ्याने वीस वर्षांची हमी दिली, पण ती कागदावर. ऊन कागद वाचीत नाही. आमच्या परसातून निघालेला चुरा पहिल्या पावसात व्हाळात जाणार, व्हाळातून खाडीत आणि खाडीतून दर्यात. मालवणच्या याच समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून राखून ठेवला गेला. ज्या प्रवाळांना आणि माशांना पाहण्यासाठी पाहुणा येतो, त्यांच्याच ताटात आपण आपले छप्पर वाढावयाचे, आणि वर त्याला निसर्गाच्या सान्निध्याचे नाव द्यावयाचे!

पुतण्याचे आक्षेपही प्रामाणिक आहेत. ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप दर वर्षीच्या खटाटोपाचा. हिशेब करू. चांगला वाढलेला माड वर्षाला सुमारे बारा चुडते टाकतो. आमच्या बागेत दहा माड. म्हणजे १२० चुडते आणि चिरल्यावर २४० झापे. निम्मी सडकी म्हणून टाकली तरी दोनशे चौरस फुटांचा मांडव सुखाने झाकला जातो. आज त्याच चुडतांचे आपण काय करतो? चुलीत घालतो, नाहीतर आळ्यात कुजवितो. शिवाय मांडव मुळी हंगामाचाच. दिवाळीनंतर घालावा, मे संपता संपता उतरवावा. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, दर्या खवळलेला; त्या चार महिन्यांत परसात बसायला येतो कोण? गोव्यातील किनाऱ्यावरच्या झोपड्या दर वर्षी पावसाआधी उतरतात आणि पावसानंतर पुन्हा उभ्या राहतात. त्यामुळे तेथे जाणाऱ्यांची संख्या घटल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

दुसरा आक्षेप आगीचा, आणि तो मात्र खरा. वाळके झाप ठिणगी सोशीत नाही. म्हणून चूल, गॅस, तळण हे मांडवाखाली नकोच. रांधावयाची जागा वेगळी बांधावी, तिच्यावर पुरेसा उतार देऊन मंगळूरी कौले घालावी. ती बारमाही टिकतील. पाण्याचे पिंप मांडवाजवळ भरलेले असावे. दक्षता हवी, ती घ्यावी. पण प्लॅस्टिक तरी कोठे अग्निहोत्री आहे? तेही पेटते, आणि वितळून थेंब थेंब अंगावर गळते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. विणणार कोण? आमच्या शेजारी एक म्हातारी आहे. तिचे नाव येथे देत नाही. दोन्ही पाय पसरून, पुढ्यात चुडत घेऊन ती बसली की बोलता बोलता झाप तयार होते. पुतण्याने आणलेला तो झुबका तिने हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, "ह्येका पैसे कित्याक दिलंस, बाबा? चुडत तर फुकट पडता." त्या प्रश्नाला आमच्या सुशिक्षित घरात कोणाजवळच उत्तर नव्हते. तिच्या सुनांना विणता येत नाही, कारण गेली वीस वर्षे कोणी त्यांच्याकडे झाप मागितलेच नाही. माडावर चढणारा माणूस मिळत नाही, अशी आपण तक्रार करतो. पण उतरविलेल्या चुडताला आपण किंमत काय ठेवली? मागणी आपण बंद करावयाची आणि मग कला मेली म्हणून हळहळावयाचे, हे ढोंग आहे. प्लॅस्टिकला मोजावयाचे पैसे त्या वाड्यातल्या बायकांच्या हातावर ठेवा. पुढच्या हंगामात दहा जणी शिकून तयार होतील. मात्र मजुरी चोख द्या. चुडत फुकट असेल, विणकाम फुकट नाही.

आमच्या वादाचा निकाल? भाऊबिजेच्या दिवशी माझ्या वहिनीने तो लावला. ती म्हणाली, "पाहुणो प्लॅस्टिक बघूक मुंबय सोडून हंय कित्याक येतलो?" पुतण्या हसला, आणि तो नमुना परत गेला. मांडव पोफळीच्या खांबांवर उभा राहिला, वर काथ्याच्या सुंभाने बांधलेली झापे पडली, आणि म्हातारीच्या धाकट्या सुनेने त्यातली शेवटची वीस स्वतः विणली. ती थोडी वाकडी झाली आहेत. मेमध्ये मांडव उतरला. यंदाची चुडते भिजत पडली आहेत.

तेव्हा वाचकहो, या हंगामात मालवणला आलात तर परसातल्या त्या मांडवाखाली जरूर बसा. सोलकढी प्या, वर पाहा, वाकडी झापे कोणती ते ओळखा. आणि मुलांना तेवढे सांगा की बाण उडवायचे असतील तर पुळणीवर जाऊन उडवा.