दवाखान्यातील संगणक आणि वैद्याचे मौन

गेल्या वर्षी आमच्या नवी पेठेतील दवाखान्यात एका संगणकप्रणालीचे विक्री प्रतिनिधी आले होते. केसपेपर, औषधांचा साठा, बिल आणि पुढील भेटीची आठवण हे सर्व एकाच ठिकाणी, शिवाय पहिले वर्ष विनामूल्य, असा त्यांचा प्रस्ताव होता. प्रणाली खरोखरच सोयीची होती. बोलता बोलता त्यांनी एक तक्ता उघडला आणि आमच्या परिसरात मागील महिन्यात चंद्रप्रभा वटी किती खपली, योगराज गुग्गुळ किती, पुष्पधन्वा रस किती, हे आम्हांस सांगितले. ‘ही माहिती आली कोठून?’ असे विचारताच ते सहजपणे म्हणाले, ‘आमची प्रणाली वापरणाऱ्या दुकानांतून. पण डॉक्टर, त्यात नावे नसतात.’

नावे नसतात, हे उत्तर त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेले नाही. वय चौतीस, स्त्री, अमुक गल्ली, फलघृत सलग तीन महिने, एवढी नोंद असली तर पेठेत राहणाऱ्याला नावाची गरज काय? अमेरिकेत लतान्या स्वीनी या संशोधक विद्यार्थिनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हेच सिद्ध केले होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे वगळून संशोधकांना दिल्या जात होत्या. स्वीनी यांनी मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून पाहिले आणि खुद्द त्या राज्याच्या गव्हर्नरांच्या नोंदी शोधून काढल्या. नाव पुसले म्हणजे माणूस पुसला गेला, असे होत नाही.

आपल्या शास्त्राला हा विषय नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला जो उपदेश आहे, त्यात रुग्णाच्या घरी पाहिलेल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, अशी स्पष्ट आज्ञा आहे. ती आज्ञा वैद्याच्या जिभेपुरती होती, कारण तेव्हा बाहेर जाण्याची वाट तेवढीच होती. आज आपण एक शब्दही न बोलता आपल्या टेबलावरील यंत्र रात्री दुकान बंद झाल्यावर बोलत असते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रणाली बनवणाऱ्यांना वापराची माहिती हवी असते, यात गैर काही नाही. कोणता पडदा किती वेळा उघडला गेला, बिल करताना प्रणाली कोठे अडकते, प्रकृतिपरीक्षणाचा तक्ता कोणी भरतो की नाही, हे कळल्याशिवाय प्रणाली सुधारणार कशी? ही झाली वापराची नोंद. कोणता कल्प किती विकला, ही व्यापाराची नोंद. कोणत्या रुग्णास काय दिले, ही रुग्णाची नोंद. पहिली मागून तिन्ही उचलणे, हा खरा दोष आहे. दुकानदाराने काट्याचा हिशेब द्यावा, गिऱ्हाइकाच्या पिशवीचा देऊ नये.

या नोंदींचे पुढे काय होऊ शकते, याची उदाहरणे परदेशात आहेत. प्रॅक्टिस फ्यूजन ही केसपेपर ठेवणारी प्रणाली अमेरिकेतील डॉक्टरांना अनेक वर्षे विनामूल्य दिली जात होती. अफूजन्य वेदनाशामके बनवणाऱ्या कंपनीकडून पैसे घेऊन, डॉक्टरांच्या पडद्यावर त्या औषधांकडे वळवणाऱ्या सूचना आणल्याच्या प्रकरणात तिच्या कंपनीने जानेवारी २०२० मध्ये साडेचौदा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. औषध दुकानदारांनी दुसरे उदाहरण ध्यानात ठेवावे. तेथील दुकानांतून चिठ्ठ्यांची माहिती विकली जात असे. रुग्णाचे नाव काढलेले, परंतु डॉक्टरांचे नाव कायम. कोणता डॉक्टर काय लिहितो हे पाहून कंपन्या आपले प्रतिनिधी धाडीत. व्हरमाँट राज्याने २००७ मध्ये यावर कायद्याने बंधन घातले, ते २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवले. म्हणजे रुग्णाबरोबर वैद्यही उघडा पडतो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. दोन तरतुदी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या. पहिली अशी की, माहिती गोळा करणाऱ्यास हा कायदा जणू विश्वस्त मानतो आणि त्याने नेमलेल्या कंपनीच्या हातून चूक झाली तरी उत्तरदायित्व विश्वस्ताचेच राहते. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुसरी अशी की, संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय असली पाहिजे. सोलापूरकरांना हे वेगळे सांगावयास नको. आपल्या बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे रुग्ण शेजारी शेजारी बसतात. इंग्रजी मजकुराखाली घेतलेला त्यांचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

यावर काही वैद्यबंधू म्हणतील की, आयुर्वेदाला आधीच आकडेवारीची वाण आहे, त्यात ही बंधने कशाला? आक्षेप रास्त आहे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय व्यवस्था आहे, तिला आपण सर्वांनी माहिती द्यावी, असेच आमचे मत आहे. परंतु भीती असली की माणूस एकतर गप्प बसतो किंवा खोटे लिहितो. तेव्हा विश्वास दिल्याखेरीज खरी आकडेवारी हाती येणारच नाही.

माणूस न उघडता आकडा मिळवण्याच्या रीतीही आहेत. संख्याशास्त्रज्ञ वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे एक सोपे रूप पाहा. २०० वैद्यांना विचारावयाचे आहे की, रसौषधीचा दुष्परिणाम आपण यंदा पाहिलात काय? प्रत्येकाने गुपचूप नाणे उडवावे. छापा आल्यास खरे उत्तर द्यावे, काटा आल्यास निमूट ‘होय’ लिहावे. समजा १२० ‘होय’ आले. सुमारे १०० तर काट्याचेच. उरलेल्या १०० खऱ्या उत्तरांत २० ‘होय’, म्हणजे प्रमाण सुमारे २० टक्के. संघटनेला अंदाज मिळाला, आणि कोणाही एका वैद्याच्या ‘होय’वरून त्याच्याविषयी काही ठरवता येत नाही. याच जातीच्या रीती मोठ्या संगणक कंपन्यांनीही गेल्या दशकात वापरल्या आहेत. तेव्हा ‘सर्व माहिती घेतल्याशिवाय प्रणाली सुधारता येत नाही’ हे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

प्रणाली घेण्यापूर्वी आपण पाच प्रश्न लेखी विचारावेत, असे आम्ही सुचवतो. कोणती माहिती बाहेर जाते, तिची यादी मिळेल काय? ही पाठवणी मुळात बंद असून आमच्या संमतीनेच सुरू होईल काय? नकार दिला तरी प्रणाली पूर्ण चालेल काय? माहिती किती दिवस ठेवली जाईल आणि कोणास दिली वा विकली जाईल? प्रणाली सोडल्यावर आमच्या नोंदी आम्हांस परत मिळून तेथून पुसल्या जातील काय? जो या प्रश्नांना लेखी उत्तर देत नाही, त्याचे विनामूल्य वर्ष महाग समजावे.

आपले घरही तपासावे. गल्ल्यावरील संगणकाचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो. बिलावर व्याधीचे नाव छापले जाते. चिठ्ठीचे छायाचित्र कामगाराच्या मोबाइलवर महिनोन्‌महिने पडून राहते. याला कोणतीही कंपनी जबाबदार नाही.

आमची संघटनेस विनंती आहे की, या पाच प्रश्नांवरून एक सामायिक करारनामा मराठीत तयार करावा आणि सर्व सभासदांनी तोच पुढे करावा. एकट्या दवाखान्याला कंपनी ‘हा आमचा ठरलेला नमुना आहे’ असे सांगून वाटेस लावते. शंभर दवाखाने एकच कागद पुढे करतील तेव्हा नमुना बदलेल. त्या प्रतिनिधींना आम्ही हेच पाच प्रश्न दिले होते. उत्तर अद्याप आलेले नाही, आणि आमचे केसपेपर तूर्त कपाटातच आहेत.