कायद्याने शिकाऊ, खांबावर कामगार

पावसाळ्याचे पहिले वादळ येऊन गेले की वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक ठराविक बातमी दिसू लागते. विजेच्या खांबावर दुरुस्ती करीत असताना धक्का बसून, अथवा तोल जाऊन, अमुक गावी एका तरुणाचा मृत्यू झाला. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पुढील तपास चालू आहे. बातमी चार-पाच ओळींची असते. मृत तरुण वितरण कंपनीचा कायम नोकर होता, कंत्राटदाराचा माणूस होता, की आयटीआयतून नुकताच बाहेर पडलेला शिकाऊ उमेदवार होता, याचा खुलासा त्या ओळींत असतोच असे नाही. त्याच्या अंगावर सुरक्षापट्टा होता काय, हातात मोजे होते काय, वाहिनी बंद केल्यावर ती जमिनीशी जोडली होती काय, हे प्रश्न तर कोणी विचारीतच नाही. ‘अकस्मात’ या एका शब्दात सारे काही बुडून जाते. जे घडणार हे आधीपासून ठाऊक असते आणि जे टाळण्याची साधनेही ठाऊक असतात, त्याला अकस्मात कसे म्हणावे?

खांबावरच्या कामातील धोका काही गूढ नाही. लघुदाबाच्या वाहिन्यांसाठी आपल्याकडे साधारणतः आठ मीटर लांबीचे सिमेंटचे खांब वापरतात. त्यांचा सुमारे सहावा भाग जमिनीत पुरलेला असतो. म्हणजे वर उरतात साडेसहा मीटर. त्या उंचीवरून सुटलेला देह सव्वा सेकंदाच्या आत ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. दुसरीकडे विजेचा हिशेब पाहावा. दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाहाने हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. घरातला दहा वॅटचा दिवासुद्धा चाळीसएक मिलिअँपिअर प्रवाह घेतो. यावरून या मृत्यूला किती थोडे पुरते ते कळावे. शिवाय जमिनीवर उभ्या माणसाला ज्या धक्क्याने केवळ दचकायला झाले असते, तोच धक्का खांबावर प्राण घेतो, कारण तेथे मागे सरायला जागाच नसते.

या दुहेरी धोक्यावरचे उपायही तितकेच ठाऊक आहेत. वाहिनी बंद करावी. ती खरोखर बंद आहे हे टेस्टरने तपासावे. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना ती जमिनीशी जोडावी, म्हणजे दुसऱ्या फीडरमधून, कोणाच्या जनरेटरमधून वा घरावरच्या सौरसंचातून उलट आलेला प्रवाह जमिनीत जाईल. आणि हे सारे झाल्यावर लेखी परमिट हाती घेऊन मगच चढावे. चढणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, हातात दाबानुसार तपासलेले रबरी मोजे, पायांत योग्य बूट आणि अंगावर पट्टा असावा. या वस्तूंची भारतीय मानके आहेत: पट्ट्यासाठी ३५२१ क्रमांकाचे, रबरी मोज्यांसाठी ४७७०, शिरस्त्राणासाठी २९२५. पट्टा म्हणताना एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. केवळ कमरेचा पट्टा माणसाला खांबाशी टेकून उभे राहण्यास उपयोगी पडतो. पडताना झेलण्यासाठी तो घातक असतो, कारण पडण्याचा सारा हिसका पोटावर आणि कण्यावर येतो. खांदे, छाती व मांड्या यांवर भार वाटून देणारा पूर्णांगी पट्टा निराळा. अमेरिकेत कमरेच्या पट्ट्याचा पडताना झेलण्यासाठी होणारा वापर १ जानेवारी १९९८ पासून बंद करण्यात आला. आणि १ एप्रिल २०१५ पासून तेथे प्रशिक्षित लाइनमननेही खांबावर चढता-उतरताना, केवळ वर पोहोचल्यावर नव्हे, पडण्यापासून संरक्षण घेतलेच पाहिजे असा सर्वसाधारण नियम झाला. याचे कारण साधे आहे. माणूस वर बसल्यावर जसा पडतो तसाच चढताना आणि उतरतानाही पडतो.

आपल्याकडे नियमांचा तुटवडा नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांत, वीजवाहिनीवर काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला मोजे, रबरी बूट, सुरक्षापट्टा, शिडी, अर्थिंगची साधने, शिरस्त्राण व टेस्टर पुरविले पाहिजेत आणि ती साधने सुस्थितीत ठेवली पाहिजेत, असे सांगितले होते. २०२३ साली त्या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी हे कर्तव्य संपलेले नाही. येथे ‘व्यक्ती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ती व्यक्ती कायम आहे की कंत्राटी, पगार घेते की विद्यावेतन, याची चौकशी हा नियम करीत नाही. विजेची तारही ती करीत नाही.

परंतु कामगारविषयक कायदे ही चौकशी करतात, आणि तेथेच शिकाऊ उमेदवाराचे पाऊल निसटते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे अठरावे कलम सांगते की असा उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्या कायद्यात अन्यथा म्हटले नसेल तर कामगारांविषयीचे कायदे त्याला लागू नाहीत. चौदाव्या कलमाने त्याच्या आरोग्य व सुरक्षिततेची थोडी सोय केली. कारखान्यात शिकणाऱ्याला कारखाने कायद्याची आणि खाणीत शिकणाऱ्याला खाण कायद्याची संबंधित प्रकरणे तो कामगार असल्याप्रमाणे लागू केली. पण गावाबाहेरच्या शेतात उभा असलेला विजेचा खांब हा कारखानाही नव्हे आणि खाणही नव्हे. सोळाव्या कलमाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे पडल्यानंतरचा हिशेब या कायद्याला नीट सुचला. चढण्यापूर्वीचा मात्र खांबापाशी येऊन थांबला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांतील वेतन संहितेच्या व औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्यांतही ‘कर्मचारी’ या शब्दातून शिकाऊ उमेदवार वगळलेलाच आहे.

हा भेद मुळातच वावगा होता असे आम्ही म्हणत नाही. शिकणाऱ्याकडून कामगाराइतक्या उत्पादनाची अपेक्षा करू नये, त्याला राबवून न घेता शिकवावे, असा त्याचा एक चांगला अर्थ निघतो. पण व्यवहारात अर्थ उलटा होतो. पगाराच्या वेळी तो विद्यार्थी असतो, संघटनेच्या वेळी तो विद्यार्थी असतो, तक्रारीच्या वेळी तो विद्यार्थी असतो. आणि रात्री नऊ वाजता ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला म्हणजे मात्र तो एकाएकी कामगार होतो. जो कायद्याने कामगार नाही, त्याला चालू वाहिनीच्या खांबावर कामगार म्हणून चढविण्याचा अधिकार कोणत्या कलमाने दिला, हे संबंधितांनी एकदा सांगावे.

या उमेदवाराची स्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. तो बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा शेतमजुराचा मुलगा असतो. वायरमन अथवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम त्याने कर्ज काढून पुरा केलेला असतो. उमेदवारीच्या काळात मिळणाऱ्या विद्यावेतनाकडे घरातल्या सर्वांचे डोळे लागलेले असतात, आणि त्याहून अधिक लागलेले असतात ते पुढे मिळू शकणाऱ्या नोकरीकडे. ती मिळेलच अशी हमी कायदा देत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने, प्रत्येक मालकाने भरतीचे धोरण स्वतः ठरवावे, एवढेच म्हटले. त्याच दुरुस्तीने मालकाच्या कसुरीबद्दलची तुरुंगवासाची तरतूद काढून टाकली आणि केवळ दंड ठेवला. अशा मुलाला वरिष्ठ म्हणतात, ‘चढ रे, लाइन बंद आहे.’ लाइन खरोखर बंद आहे काय, हे विचारण्याचे ज्ञान त्याच्याजवळ असते; आयटीआयत त्याला ते शिकविलेले असते. विचारण्याचे बळ मात्र त्याच्याजवळ नसते. ज्याच्या एका शब्दावर आपले प्रमाणपत्र आणि उद्याची भाकरी अवलंबून आहे, त्याला ‘नाही’ म्हणायला कोणते शास्त्र शिकवते?

येथे वरिष्ठ लाइनमनला खलनायक ठरविणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. त्याच्याकडेही अनेक गावे असतात. सरपंचाचा फोन येत असतो, पिठाची गिरणी बंद पडलेली असते, उभ्या पिकाला पाणी द्यावयाचे असते, आणि वरून साहेब विचारीत असतात की पुरवठा अजून का सुरू झाला नाही. रिकाम्या जागांचा भार जो तो आपल्याहून दुबळ्याच्या खांद्यावर उतरवितो. कार्यकारी अभियंत्याकडून कनिष्ठ अभियंत्याकडे, त्याच्याकडून लाइनमनकडे आणि लाइनमनकडून शिकाऊ पोराकडे तो येतो. आणि कोठे कोठे त्याच्याही खाली, ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही अशा झिरो वायरमनकडे. या उतरंडीच्या तळाशी जो असतो तोच खांबाच्या माथ्यावर जातो.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: साधने दिलेली असतात, पोरेच ती वापरीत नाहीत. यात तथ्याचा अंश आहे, म्हणून ते टाळता येणार नाही. काही तरुणांना पट्टा बांधणे भित्रेपणाचे वाटते, हे खरे. पण हा समज त्यांनी कोठून घेतला? ज्याच्या हाताखाली ते शिकले तो स्वतः पट्ट्याविना चढत होता, आणि त्याच्या चपळाईचे कौतुक साऱ्या कार्यालयाने केले होते. पट्टा बांधण्यास दहा मिनिटे लागतात आणि अर्थिंग करण्यास आणखी काही; ही मिनिटे ज्या व्यवस्थेच्या हिशेबात ‘विलंब’ म्हणून धरली जातात, तिने निष्काळजीपणाचा ठपका वीस वर्षांच्या मुलावर ठेवू नये. शिवाय दिलेली साधने कशी असतात? चौघांत मिळून एक पट्टा, एकाच मापाचे मोजे, केव्हा तपासले हे कोणासही न आठवणारे रबर, ही साधने नव्हेत. तो साधनांचा देखावा आहे. रबरी मोज्याची बाही गुंडाळून आत हवा कोंडावी आणि ती कोठून निसटते काय ते पाहावे, ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा आहे. ती रोज सकाळी सर्वांदेखत होते काय, एवढे विचारले तरी त्या उपविभागाची खरी स्थिती कळते. आज महाराष्ट्रात मुलीही खांबावर चढून काम करीत आहेत. पुरुषांच्या मापाचा पट्टा त्यांच्या अंगावर घालून ‘साधन पुरविले’ अशी नोंद करणे ही त्यांची फसवणूकच होय.

दुसरा आक्षेप असा की चढल्यावाचून चढणे येत नाही. तो मान्यच आहे. पोहणे पाण्यात शिकावे लागते, तसे हे कामही खांबावरच शिकावे लागते. प्रश्न एवढाच आहे की पहिला खांब कोणता असावा. ज्यावर तार ओढलेली आहे पण जिच्यात वीज येऊच शकत नाही, असे खांब प्रशिक्षण केंद्राच्या आवारात उभे करता येतात. तेथे चढणे, उतरणे, जागा बदलणे, पट्टा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अडकविणे यांचा सराव व्हावा. आणि आणखी एक गोष्ट तेथे शिकवावी, जिचा सहसा विसर पडतो: धक्का बसून पट्ट्यात बेशुद्ध लोंबकळणाऱ्या सहकाऱ्याला दोराने खाली कसे आणावे आणि त्याच्या छातीवर दाब देऊन हृदय चालू कसे करावे. त्या वेळी दवाखाना दूर असतो. हाताशी मिनिटे थोडी असतात आणि जवळ असतो तो दुसरा उमेदवारच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ ते २०२१ या वर्षांच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने मरण पावलेल्यांची संख्या देशात दर वर्षी बारा हजारांवर आहे. त्यात शेतकरी आहेत, मुले आहेत, आणि ही वीज घरोघर पोहोचविणारेही आहेत. या शेवटच्यांचा, आणि त्यांतही शिकाऊंचा, हिशेब निराळा मांडला गेला पाहिजे. जे मोजले जात नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

यास्तव आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. प्रशिक्षण केंद्रात चढण्याची परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत कोणत्याही उमेदवारास वाहिनीच्या खांबावर पाठवू नये. आणि नंतरही परमिट व अर्थिंग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज चढवू नये. रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी त्याच्या मापाचा पूर्णांगी पट्टा, मोजे, बूट व शिरस्त्राण त्याच्या नावावर मिळावे. साधनाविना चढण्यास नकार देण्याचा अधिकार त्याच्या उमेदवारीच्या करारपत्रातच लिहावा आणि त्या नकाराचा परिणाम प्रमाणपत्रावर वा भरतीवर होणार नाही अशी हमी तेथेच असावी. प्रत्येक अपघाताचा विद्युत निरीक्षकाने केलेला चौकशी अहवाल लोकांपुढे ठेवावा. आणि कामगार संघटनांनीही, हा आपला सभासद नाही, असे म्हणून या मुलाकडे पाठ फिरवू नये. आज जो शिकाऊ म्हणून एकटा पडतो तोच उद्याचा लाइनमन आहे. एकटे राहण्याची आणि मुकाट चढण्याची सवय त्याला आताच लागली, तर पुढे तिचे ओझे सर्वांनाच वाहावे लागेल.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हजारो खांब आडवे केले. ते पुन्हा उभे राहिले आणि गावोगाव दिवे लागले ते माणसांच्या हातांनी. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेतली जाते, आणि अलीकडे त्याच दिवशी लाइनमनचा गौरवही होतो. हारतुऱ्यांना आमचा विरोध नाही. पण त्या समारंभात मागच्या रांगेत, पाहुण्यांना पाण्याचे पेले देत, एक शिकाऊ मुलगा उभा असेल. व्यासपीठावरील एखाद्या मान्यवराने खाली उतरून त्याला एवढेच विचारावे: ‘तुझा पट्टा कोठे आहे?’ त्याचे उत्तर ऐकल्यानंतर शपथ घ्यावी.