दुष्काळाने दिलेले रस्ते

मराठवाड्याबद्दल बाहेरच्या माणसाचे दोन समज पक्के असतात. एक, इथे पाणी नाही. आणि दोन, इथे रस्ते नाहीत. हे समज आपल्याच तक्रारींनी पोसलेले आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. पण छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, भोवतालचा मुलूख ज्याने सायकलवरून पाहिला आहे, त्याला या समजांना एक पुरवणी जोडावीशी वाटेल. इथे पाणी आहे, ते लहानलहान तळ्यांत विखुरलेले आहे. आणि इथे रस्ते आहेत, फक्त ते नकाशात ठळक काढलेले नाहीत.

शहराच्या उत्तरेला हर्सूलचा तलाव. तिथून डोंगराच्या कडेकडेने जटवाड्याकडे जाणारी वाट. पश्चिमेला देवगिरीचा किल्ला, कागद बनवणाऱ्यांचे कागजीपुरा, खुलताबाद, नाथांच्या तपश्चर्येचे सुलीभंजन, वेरूळ आणि वर म्हैसमाळचे पठार. दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आणि नाथसागराचा अथांग पसारा. एका दिवसात सायकलने जाऊन यावे अशा टप्प्यात किल्ला, लेणी, तळी आणि घाट असलेली शहरे महाराष्ट्रात फार नाहीत. गेल्या काही वर्षांत रविवारी पहाटे हेल्मेट घातलेली मंडळी मिटमिट्याच्या बाजूला निघालेली दिसतात ती म्हणूनच. त्यांत डॉक्टर असतात, प्राध्यापक असतात, कारखान्यांतले अभियंते असतात आणि आता शाळकरी मुलेही असतात.

पण ही सारी मंडळी घड्याळ बघत सायकल चालवतात. अंधारात निघायचे आणि आठच्या आत परतायचे. त्यानंतर रस्ता त्यांचा राहत नाही. दौलताबादेत तटबंदीतल्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते. तिथे मोटारींची रांग लागली की सायकलवाल्याने भिंतीला चिकटून उभे राहायचे. हिवाळ्यात वैजापूर-पैठणकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. ज्या समृद्धी महामार्गाचे आपण कौतुक केले आणि जो ५ जून २०२५ पासून पूर्ण लांबीने, ७०१ किलोमीटर, खुला झाला, तो शहराच्या उत्तरेकडून जातो. पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, सायकलला तर नाहीच. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक दुचाकीवरची आणि पायी चालणारी होती. अशा देशात आईवडिलांनी मुलाला 'सायकलवर वेरूळला जाऊन ये' असे म्हणावे तरी कसे?

नवे बांधले नाही, जुने वापरले

युरोपातल्या सायकलवाटांची छायाचित्रे पाहिली की आपल्याला वाटते, हे श्रीमंतांचे चोचले. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या काठांना धरून बोडेन सरोवराला सायकलने प्रदक्षिणा घालता येते. ती सुमारे २६० किलोमीटरची आहे. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने कुटुंबेच्या कुटुंबे सायकलवर जातात. परंतु या वाटा आल्या कुठून हे पाहिले तर चित्र बदलते. डॅन्यूबच्या काठची वाट बऱ्याच ठिकाणी म्हणजे पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढून नेणाऱ्या घोड्यांची पायवाट. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल ते बाथ या मार्गावर स्वयंसेवकांनी १९७९ पासून बंद पडलेल्या रेल्वेच्या पट्ट्यावर सायकलवाट केली. स्पेनने १९९३ पासून तेच धोरण देशभर राबवले. म्हणजे त्यांनी नवे फार थोडे बांधले. जुन्या कामासाठी केलेले आणि मोटारींच्या उपयोगाचे नसलेले रस्ते त्यांनी शोधले, जोडले आणि त्यांवर पाट्या लावल्या.

आपल्याकडे नावा ओढणारे घोडे नव्हते. पण आपल्याकडे दुष्काळ होता. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडली. रोजगार हमीच्या त्या कामांतून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले आणि गावोगावचे कच्चे रस्ते झाले. पुढे त्या योजनेचा कायदा झाला आणि तो १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला. ज्यांनी त्या कामांवर पाट्या वाहिल्या त्या पिढीतली माणसे आता थकली आहेत. त्यांनी बांधलेले तलाव मात्र डोंगरांच्या पायथ्याशी अजून उभे आहेत आणि त्यांच्याकडे जाणारे रस्तेही आहेत. मोटारवाल्याला तिकडे काही काम नसते, म्हणूनच तिथे रहदारी नाही. सायकलीने सहलीला जाणाऱ्याला जे हवे असते ते नेमके तिथे आहे: एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधल्या रस्त्यावर फार तर एखादी बैलगाडी.

दुसरा वारसा जायकवाडीचा. लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पायाभरणी केली आणि इंदिरा गांधींनी २४ फेब्रुवारी १९७६ रोजी उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत आणि २७ दरवाजे हे आकडे शाळेत पाठ झालेले असतात. पण धरणाचे दोन कालवे आपण विसरतो. डावा २०८ किलोमीटर लांब, जालना-परभणीकडे जाणारा. उजवा १३२ किलोमीटरचा, बीड जिल्ह्यातून माजलगावच्या धरणाकडे जाणारा. प्रत्येक मोठ्या कालव्याला देखरेखीसाठी कडेने रस्ता ठेवावा लागतो. शिवाय कालव्याचे पाणी आपल्या वजनाने वाहायचे असते. त्यामुळे तो जमिनीची पातळी धरून वळणे घेत जातो आणि किलोमीटरमागे त्याचा उतार काही सेंटीमीटरच असतो. ज्या रस्त्याला चढ नाही तिथे दहा वर्षांची मुलगी आणि साठीची आजी दोघीही सायकल चालवू शकतात. घोड्यांची पायवाट आणि रेल्वेचा पट्टा सायकलला मानवतात ते याच कारणाने.

आता यातले गोड तेवढेच सांगणे बरोबर नाही. कालव्याकाठचा रस्ता पाटबंधारे खात्याचा असतो, सार्वजनिक नव्हे. जागोजाग वेडी बाभूळ माजली आहे. तिचा काटा टायरमधून आरपार जातो. अस्तर केलेल्या कालव्याच्या उतरत्या भिंतीवरून आवर्तनाच्या वेळी कुणी घसरले तर बाहेर येणे कठीण. आणि पावसाळ्यात आपली काळी माती चाकात व मडगार्डात अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणजे कालव्याला कठडा नसेल तिथे मुलांना नेऊ नये आणि मुरूम नसेल तिथे पावसात कुणीच जाऊ नये. पण मुरूम, कठडा आणि बाभळीची सफाई या गोष्टींना परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

सायकल कुणाची?

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ज्या गावात टँकर येतो तिथे हौशी मंडळींच्या महागड्या सायकलींसाठी रस्ता का करायचा?

या शहराचे सायकलशी नाते हौशीने सुरू झालेले नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यांची पाळी सुटली की डबा कॅरिअरला लावून निघालेल्या कामगारांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि हे शहर देशाला दुचाक्या पुरवू लागले. त्यानंतर सायकल हळूहळू गरिबीची खूण ठरली. हप्त्यावर मोटारसायकल मिळू लागल्यावर जो सायकलवर राहिला तो नाइलाजाने राहिला. आज हेल्मेटवाला आणि डबेवाला एकाच रस्त्यावर असतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत.

तिसरी सायकलस्वार मात्र या दोघांच्याही गणतीत नाही. ती म्हणजे खेड्यातली शाळकरी मुलगी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना आहे. सायकलीने काय होते हे बिहारने दाखवून दिले. तिथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नावनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. सायकल ही तिथे शिष्यवृत्तीहून मोठी ठरली.

पण सरकार सायकल देते, रस्ता देत नाही. मुलीने ती सायकल डंपर आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधून न्यायची असेल तर बाप तिला पाठवणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही. म्हणून मला वाटते, पर्यटन खात्याच्या मागणीअर्जात नव्हे तर शिक्षणाच्या हिशेबात या रस्त्यांचा विचार सुरू झाला पाहिजे. आठवड्याचे सहा दिवस ज्या शिवारवाटेने मुली निर्धास्त शाळेत जातील, तीच वाट रविवारी शहरातल्या कुटुंबांची होईल. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती शेतमाल बाहेर काढण्यासाठी. पाणंद शाळेपर्यंत जोडली, तर त्याच मुरमावर ट्रॅक्टर, मुलगी आणि पाहुणा तिघेही जातील.

पवईचा धडा

सायकलवाट म्हटली की आपल्या नगरपित्यांच्या डोळ्यांपुढे रंगीत फरशा, दिव्यांचे खांब, कमान आणि कोनशिला येते. मुंबई महापालिकेने पवई तलावाच्या काठाने सायकल आणि जॉगिंगसाठी मार्ग बांधायला घेतला होता. प्रकरण न्यायालयात गेले. ६ मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले आणि केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पाणथळ जागा ही मोकळी पडलेली जमीन नसते, हा त्याचा अर्थ. नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे रोहित येतात. तिथे काठाला काँक्रीट ओतून सायकलवाट केली, तर जे पाहायला जायचे तेच उडून जाईल. तळ्याकाठी वाट असावी ती आहे तेवढ्याच रुंदीची, आहे त्याच मातीची आणि अंधार पडल्यावर रिकामी.

मग घाटाचे काय? दौलताबाद ते खुलताबाद हा रस्ता टाळून वेरूळ-म्हैसमाळला जाणे अवघड. इथे उत्तर बांधकामाचे नाही, वेळेचे आहे. रविवारी सकाळी सहा ते नऊ हे तीन तास हा घाट मोटारींना बंद ठेवावा; रुग्णवाहिका, एस. टी. आणि स्थानिक गावकरी यांना अर्थातच सूट. हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी हनुमान जयंतीची आदली रात्र आठवावी. भद्रा मारुतीच्या दर्शनाला शहरातून हजारो माणसे पायी खुलताबादला जातात, तेव्हा वाहतूक वळवली जाते आणि कुणाचे काही अडत नाही. अजिंठ्याला खासगी गाड्या चार किलोमीटर अलीकडे फर्दापूर फाट्यावर थांबतात आणि पुढे बसनेच जावे लागते. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. दूर कोलंबियात बोगोटा शहर १९७४ पासून रविवारी आपले मोठे रस्ते पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना देते. आज ते शंभरावर किलोमीटर भरतात. आपल्याला फक्त एक घाट आणि तीन तास हवे आहेत.

बाकीची यादी लहान आहे. पाझर तलावांकडे आणि जटवाडा-सुलीभंजनच्या बाजूला जाणाऱ्या ग्रामीण रस्त्यांचा एक छापील नकाशा. वळणावळणावर मराठी पाटी, अंतरासकट. कालव्याच्या निवडक, कठडा घातलेल्या टप्प्यांवर सायकलला लेखी परवानगी. दर दहा किलोमीटरवर एका गावात पंक्चरचे दुकान, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ मोरी-संडास. गावातल्या बचत गटाने पिठलं-भाकरी दिली, हिवाळ्यात हुरडा दिला, तर चार पैसे गावात राहतील. मोटारीने येणारा पर्यटक वेरूळ पाहून संध्याकाळी हॉटेलात परततो. सायकलवाला दर तासाला कुठेतरी थांबतो, चहा पितो, रस्ता विचारतो. खेड्याला तोच परवडतो.

या वाटांना नाव द्यायचेच असेल तर ते आयात करू नये. एकनाथ महाराज लहानपणी गुरूच्या शोधात पैठणहून निघाले आणि देवगिरीला जनार्दनस्वामींकडे पोचले, ही कथा मराठवाड्यात घरोघर सांगतात. तो पल्ला आजच्या हिशेबाने साठेक किलोमीटरचा, म्हणजे सायकलला एका दिवसाचा. नाथसागराच्या काठापासून देवगिरीच्या पायथ्यापर्यंत, मोठा रस्ता शक्य तितका टाळून, गावागावांतून जाणारी एक वाट आखता येईल. तिच्यावरून शहरातला मुलगा पैठणला जाईल आणि मधल्या गावातली मुलगी शाळेत जाईल. त्यासाठी खर्चाआधी लागेल तो निर्णय, आणि तो घेण्याइतके अधिकार जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि पाटबंधारे खाते यांच्याकडे आजच आहेत.